महिन्याचे पेट्रोल सहा हजारांवर गेले आहे. नेमके कोठे वाचवावे?

वडगावची_गृहिणी यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार. आम्ही सिंहगड रस्त्यावर वडगाव बुद्रुकला राहतो. घरात मी, माझे यजमान आणि अकरा वर्षांचा मुलगा. गेल्या महिन्यात घरखर्चाची वही मांडून बसले, तेव्हा किराण्याच्या खालोखाल सर्वांत मोठी रक्कम पेट्रोलची आहे, हे पहिल्यांदा डोळ्यांत भरले. दूध, वीज आणि गॅस या तिन्हींची बेरीज केली तरी ती पेट्रोलच्या आकड्याला पोहोचत नव्हती.

आमचा हिशेब सविस्तर देते, म्हणजे उत्तर देणाऱ्यांना अंदाज येईल. यजमानांचे कार्यालय पिंपरीला, महापालिका भवनाच्या जवळ आहे. ते १२५ सीसीच्या मोटरसायकलने बाह्यवळणावरून जातात. एका बाजूचे २३ म्हणजे दिवसाचे ४६ किलोमीटर, महिन्याचे २५ दिवस धरून ११५० किलोमीटर. गाडी लिटरला ५० देते असे ते म्हणतात. लिटरला १०४ रुपये धरले, तर हे झाले २,३९२ रुपये. मी शाळेत शिकवते. शाळा पाच किलोमीटरवर आहे, म्हणजे स्कूटरचे जाऊन-येऊन दहा. मुलाचा संध्याकाळचा क्लास तीन किलोमीटरवर आहे. त्याला सोडायचे, घरी यायचे, पुन्हा आणायला जायचे, यात बारा किलोमीटर जातात. असे महिन्याचे ५५० किलोमीटर होतात आणि स्कूटर जेमतेम ३८ देते, म्हणून १,५०५ रुपये. शिवाय मोटार आहे. महिन्यातून एकदा साताऱ्याला सासरी जाणे-येणे सुमारे २२० किलोमीटर आणि रविवारचा बाजार वगैरे ८० किलोमीटर. सरासरी १४ धरली तर २,२२९ रुपये, टोल वेगळा. सगळे मिळून ६,१२६ रुपये.

पेट्रोलचे भाव आपल्या हातात नाहीत, हे मला समजते. पण आपल्या हातात काय आहे, ते मला नीट समजून घ्यायचे आहे. शेजारी सांगतात की स्कूटर विकून इलेक्ट्रिक घ्या. भाऊ म्हणतो मेट्रोने जा. दिराचे म्हणणे असे की, कात्रजच्या बोगद्यातून खाली उतरताना गाडी न्यूट्रलला टाकून इंजिन बंद केले, तर थोडे तरी वाचेल. हे ऐकून माझ्या पोटात गोळा आला. ज्यांनी प्रत्यक्ष आकडे मांडून पाहिले आहेत, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

दहाबाराचा_पाना

ताई, माझे दुचाकी दुरुस्तीचे गॅरेज आहे आणि २२ वर्षे हेच काम करतो आहे. सर्वांत आधी दिरांच्या सल्ल्याबद्दल लिहितो, कारण त्यात पैशापेक्षा जिवाचा प्रश्न आहे.

कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार तुमच्या घराजवळचाच आहे. डिझेल वाचवण्यासाठी अवजड वाहने तेथे न्यूट्रलवर सोडली जातात, ब्रेक तापून निकामी होतात आणि पुढच्या गाड्या चिरडल्या जातात. नोव्हेंबर २०२२ मध्ये तेथे एकाच अपघातात चाळीसहून अधिक वाहनांचे नुकसान झाले होते. दुचाकीचे वजन कमी असले, तरी उतारावर इंजिनाचा आधार काढून घेतला की सारा भार ब्रेकवर येतो, हे तिलाही लागू आहे. आणि यात वाचते काय? एप्रिल २०२० पासून विकल्या गेलेल्या बीएस-६ (धुराच्या प्रदूषणाच्या नव्या मानकाच्या) दुचाकींमध्ये कार्बोरेटर जवळजवळ राहिलेला नाही, इंधन इंजेक्टरमधून जाते. गाडी गिअरमध्ये असताना तुम्ही मूठ पूर्ण सोडली, की इंजेक्टर पेट्रोल सोडणेच थांबवतो आणि चाकेच इंजिन फिरवत राहतात. उलट न्यूट्रलला टाकलेल्या चालू इंजिनाला स्वतःला जिवंत ठेवण्यापुरते पेट्रोल लागतेच, आणि इंजिन बंद केले तरी खर्च शून्याखाली तर जात नाही. म्हणजे उतारावर गिअरमध्ये राहणे हेच सुरक्षित आहे आणि स्वस्तही आहे. यजमानांना हे अवश्य सांगा.

आता हिशेबाकडे वळू. "गाडी ५० देते असे ते म्हणतात", या वाक्यावर मी थांबलो. माझ्याकडे येणाऱ्या दहांपैकी आठ जण असेच सांगतात आणि मोजून आलेला क्वचित एखादा असतो. पद्धत सोपी आहे. एकाच पंपावर टाकी फुल्ल करा, किलोमीटरचा आकडा लिहून ठेवा, नेहमीसारखी गाडी चालवा आणि साधारण तीनशे किलोमीटरनंतर त्याच पंपावर पुन्हा फुल्ल करा. झालेले किलोमीटर भागिले दुसऱ्यांदा भरलेले लिटर. एका टाकीवर विश्वास ठेवू नका, तीन टाक्यांची सरासरी घ्या. शंभर-दोनशेचे पेट्रोल भरणाऱ्याला आपली गाडी किती देते, हे कधीच कळत नाही.

मोजताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते आणि इथेनॉलच्या एका लिटरमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश एवढीच ऊर्जा असते. म्हणजे निव्वळ मिश्रणामुळे लिटरमागची ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी घटते. जुन्या आठवणीतले ५० आज ४७ भरले, तर गाडीत बिघाड आहे असे समजू नये. मात्र ५० चे ४० झाले असतील, तर दोष इथेनॉलवर ढकलून गप्प बसू नये.

तुमची स्कूटर ३८ देते हे मला कमी वाटते. मागच्याच महिन्यातला एक प्रसंग सांगतो. एका ताईंची स्कूटर लिटरला ३३ वर आली होती. दुसऱ्या एका ठिकाणी त्यांना इंजिन उघडावे लागेल असे सांगितले गेले होते आणि त्या रडकुंडीला आल्या होत्या. मी गाडी मुख्य स्टँडवर लावली आणि मागचे चाक हाताने फिरवले. चाक अर्धा फेरा घेऊन थांबले आणि आतून शूज घासल्याचा बारीक 'सर्र' असा आवाज आला. ड्रमजवळ हात नेला, तर चटका बसेल इतका तो तापलेला. सर्व्हिसिंगच्या वेळी कोणीतरी ब्रेक "चांगला कडक" करून दिला होता. तारेच्या टोकाचे नट अडीच फेरे सैल केले, चाक मोकळे फिरू लागले, ब्रेकच्या दांडीला पाहिजे तेवढीच ढील ठेवली आणि ब्रेक पुरेसा लागतो याची चालवून खात्री केली. पुढच्या टाकीला त्यांना ४१ मिळाले. ही तपासणी दर महिन्याला घरीच करता येते. नट फिरवणे मात्र जाणकाराकडूनच करून घ्यावे.

हवेचेही तसेच आहे. किती हवा ठेवायची, ते गाडीवरच्या स्टिकरवर आणि पुस्तिकेत लिहिलेले असते आणि मागे माणूस बसणार असेल तर मागच्या चाकाचा आकडा वेगळा दिलेला असतो. हवा सकाळी, टायर थंड असताना भरावी. पंपावरच्या मुलाला आकडा आपण सांगावा, कारण "नेहमीची भरतो" यातली नेहमीची म्हणजे सर्वांना एकच. यजमानांच्या मोटरसायकलची साखळी दर पाचशे-सहाशे किलोमीटरला साफ करून तिला वंगण लावावे. ती अगदी ताणलेली नको आणि लोंबती नको. इंजिन ऑइल कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचेच घालावे. पुस्तिकेत १०डब्ल्यू-३० लिहिलेले असताना जाड ऑइल घातल्याने इंजिन "जास्त टिकते" ही समजूत चुकीची आहे, त्या जाडीशी झगडण्यात पेट्रोल जाते. एअर फिल्टर तेलकट कागदाचा असेल तर त्याला हवा मारू नये, ठरलेल्या किलोमीटरला बदलावा.

चालवण्याबद्दल एवढेच सांगेन की, बाह्यवळणावर रस्ता मोकळा दिसला की मूठ पिळली जाते, तेथे लक्ष ठेवावे. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो. ताशी ४५ ते ५५ किलोमीटरच्या दरम्यान दुचाकी सर्वांत कमी पिते. सत्तरवरून पन्नासवर आल्याने २३ किलोमीटरच्या वाटेत घड्याळात फरक पडतो तो चार-पाच मिनिटांचा, कारण उरलेला वेळ सिग्नल ठरवतात. सिग्नलला अर्ध्या मिनिटाहून जास्त थांबायचे असेल तर इंजिन बंद करावे.

स्वारगेट_ते_पिंपरी

मी गेले वर्षभर रोज स्वारगेटहून मेट्रोने पिंपरीला जातो, त्यामुळे भावाच्या सल्ल्याबद्दल लिहिणे मला माझे कामच वाटते. मेट्रोचा मी मनापासून पुरस्कर्ता आहे. तरीही तुमच्या बाबतीत जे खरे आहे तेच सांगतो.

जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी टप्पा २९ सप्टेंबर २०२४ रोजी सुरू झाला आणि तेव्हापासून पिंपरी-चिंचवड महापालिका ते स्वारगेट हे सुमारे १७ किलोमीटर अंतर अर्ध्या तासाच्या आसपास कापता येते. यजमानांचे कार्यालय शेवटच्या स्थानकाजवळ असल्यामुळे तिकडे पुढची रिक्षा लागणार नाही, ही मोठी सोय आहे. अडचण अलीकडच्या बाजूला आहे. वडगाव ते स्वारगेट पीएमपीची बस, सध्याच्या टप्प्यानुसार २० रुपये, आणि पुढे मेट्रोचे तीस-पस्तीस. म्हणजे एका बाजूचे पन्नास-पंचावन्न रुपये झाले. मोटरसायकलला २३ किलोमीटरचे पेट्रोल ४८ रुपयांचे लागते. नुसत्या पेट्रोलशी तुलना केली, तर मेट्रोने तुमची बचत होणार नाही.

पण तुलना नुसत्या पेट्रोलशी करणे हीच चूक आहे, असे मला वाटते. वर्षाला जवळजवळ १४ हजार किलोमीटर धावणाऱ्या मोटरसायकलचे टायर, साखळीचा संच, ऑइल, ब्रेक शूज आणि सर्व्हिसिंग यांचा खर्च मी माझ्या जुन्या पावत्यांवरून काढला होता, तो किलोमीटरला ७० पैशांच्या आसपास आला. तुमच्या अंतराला लावला तर महिन्याचे आठशे रुपये. ही रक्कम पेट्रोलच्या वहीत दिसत नाही, कारण ती वर्षातून तीन-चार वेळा एकदम जाते. ती धरली की मेट्रो मोटरसायकलपेक्षा थोडी स्वस्त पडते. पावसाळ्यात बाह्यवळणावर भिजत जाण्याऐवजी बसून वाचत जाता येते, याची किंमत ज्याने त्याने ठरवावी.

जो माणूस एकटा मोटारीने पिंपरीला जातो, त्याचे गणित मात्र अगदी वेगळे आहे. लिटरला १२ देणाऱ्या मोटारीला २३ किलोमीटरला दोनशे रुपयांचे पेट्रोल लागते. तेथे मेट्रो बसच्या तिकिटासह चौथ्या भागात काम करते. म्हणून सल्ला देणाऱ्याने आधी समोरचा कशाने जातो ते विचारावे. तुमच्या मोटारीपुरते बोलायचे तर रविवारी मंडईत जाण्यासाठी ती काढू नका. स्वारगेटहून पुढचेच स्थानक मंडई आहे आणि शनिवार-रविवारी तिकिटात ३० टक्के सवलत असते. मोटार थंड असताना दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या मारल्या, की ती तिचे सर्वांत वाईट मायलेज देते.

आहे त्याच मोटरसायकलवर पैशाच्या दृष्टीने यजमानांना सर्वांत फायद्याचे मला एकच दिसते: त्याच रस्त्याने जाणारा सहकारी शोधणे. एकाच मोटरसायकलवर दोघे गेले तर माणशी २५ रुपये पडतात. बस आणि मेट्रो मिळून याच्या खाली येत नाहीत. मागे बसणाऱ्याकडेही हेल्मेट हवे, एवढी अट पाळावी.

एसटीची_सोबत

साताऱ्याबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून लिहिते. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे. तुमचा मुलगा बारा वर्षांखालचा आहे, म्हणजे त्याचेही अर्धेच. तुम्हा तिघांची मिळून दोन पूर्ण तिकिटे होतात. मोटारीने याच प्रवासाला पंधरा-सोळा लिटर पेट्रोल आणि खेड शिवापूर व आनेवाडी हे दोन्ही टोल, तेही दोन वेळा. स्वारगेटहून साताऱ्याला सतत गाड्या सुटतात. सासूबाई-सासरे सोबत असतील, सामान जास्त असेल, तर मोटारच योग्य. पाच माणसांत तिचा खर्च वाटला जातो. दर महिन्याला तिघांसाठी मात्र ती काढण्याची गरज नाही.

दुसरे असे की, तुमच्या स्कूटरच्या २२ किलोमीटरपैकी १२ क्लासचे आहेत. नोकरीपेक्षा क्लासला जास्त पेट्रोल जाते, हे तुम्ही स्वतःच लिहिले आहे. त्याच क्लासला जाणारे शेजारचे मूल पाहा आणि पाळी लावा.

बिल_पाहणारा

ताई, इलेक्ट्रिक स्कूटरचा दोन वर्षांचा अनुभव आहे, म्हणून शेजाऱ्यांच्या सल्ल्याबद्दल लिहितो. मी प्लगमध्ये साधे मीटर लावून मोजले आहे. बॅटरी पूर्ण भरायला भिंतीतून ३.४ युनिट जातात आणि त्यावर स्कूटर ९५ किलोमीटर चालते, म्हणजे शंभर किलोमीटरला साधारण ३.६ युनिट. विक्रेते बॅटरीची क्षमता सांगतात. चार्जरमध्ये उष्णता होऊन जी वीज जाते ती सांगत नाहीत, पण बिल तिचेही येते.

युनिटचा दर धरताना आपल्या बिलाची सरासरी घेऊ नका. बिल टप्प्यांचे असते: शंभरपर्यंत एक दर, १०१ ते ३०० दुसरा, पुढे तिसरा. घरातला वापर आधीच शंभर ओलांडत असेल, तर स्कूटरचे प्रत्येक युनिट वरच्या टप्प्यात पडते. वहन आकार आणि इतर आकार मिळवून मी १२ रुपये धरतो.

आता तुमचे आकडे. तुमच्या ५५० किलोमीटरला २० युनिट, म्हणजे २४० रुपये लागतील. महिन्याला १,२६५ रुपये वाचतील. नवी स्कूटर १ लाख १० हजारांची आणि जुनीचे ३५ हजार आले असे धरले, तर ७५ हजार घालावे लागतील आणि ते फिटायला जवळजवळ पाच वर्षे जातील. चांगली चालणारी स्कूटर यासाठी विकू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. क्लासची पाळी लावली तर तुमचे अंतर घटेल आणि हा काळ आणखी लांबेल.

यजमानांच्या ११५० किलोमीटरना हेच गणित लावून पाहा. ४१ युनिट, सुमारे ४९० रुपये. महिन्याला १,९०० वाचतात आणि तेवढेच ७५ हजार सव्वातीन वर्षांत फिटतात. रोजचे ४६ किलोमीटर एका चार्जमध्ये सहज बसतात. आपल्याकडे सर्रास उलटे घडते. इलेक्ट्रिक गाडी घरातल्या जवळच्या कामांसाठी घेतली जाते आणि जो लांब जातो तो पेट्रोलच जाळत राहतो. जिचे किलोमीटर जास्त, तीच गाडी आधी बदलावी. मोटरसायकल जुनी होऊन मोठा खर्च निघेल, तेव्हा हा विचार करा. घेण्याआधी बॅटरीची हमी किती वर्षांची आणि किती किलोमीटरची, ते लेखी पाहा आणि सोसायटीकडून पार्किंगमध्ये स्वतंत्र मीटरच्या प्लगची परवानगी घ्या.

ऊर्जेची बचत खरी होते का, असेही काही जण विचारतात. एका लिटर पेट्रोलमध्ये साधारण ९ युनिटांएवढी ऊर्जा असते. ५० चे मायलेज धरले तर शंभर किलोमीटरला १८ युनिट झाले. इलेक्ट्रिकला ३.६ लागतात, पण आपली पुष्कळशी वीज चंद्रपूर, कोराडी अशा ठिकाणी कोळशावर होते आणि तेथे कोळशातल्या ऊर्जेचा साधारण तिसरा हिस्साच वीज होऊन बाहेर पडतो. ते धरून मुळाशी दहा-अकरा युनिटांची ऊर्जा लागते. पाचपट बचतीचा दावा खरा नाही. पण १८ च्या जागी ११ हीसुद्धा लहान गोष्ट नव्हे.

वडगावची_गृहिणी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. दीड महिना थांबून, मोजून मगच लिहायचे असे ठरवले होते.

मोटरसायकल ५० देत नव्हती. पहिल्या दोन टाक्यांची सरासरी ४६ आली, म्हणजे आमचा खर्च ६,१२६ नसून ६,३३५ च्या आसपास होता. साखळी कोरडी ठणठणीत होती आणि मागच्या टायरमध्ये हवा बरीच कमी होती. दोन्ही ठीक केल्यावर आणि यजमानांनी वेग पन्नाशीत ठेवल्यावर एकट्याने चालवताना ५१ मिळाले. त्यांच्याच कार्यालयातील एक सहकारी धायरीहून येतात, हे इतकी वर्षे ठाऊक असून कधी सुचले नव्हते. आता एक दिवस यांची गाडी, एक दिवस त्यांची. दोघे बसल्यावर मायलेज ४९ वर येते, थोडा वळसाही पडतो. तरी गेल्या महिन्यात मोटरसायकलला १,३८० रुपयेच लागले.

स्कूटरचे मागचे चाक मी स्वतः स्टँडवर लावून फिरवले आणि तो 'सर्र' आवाज मलाही ऐकू आला. तेवढे सैल करून घेतल्यावर ३८ चे ४३ झाले. क्लासची पाळी समोरच्या इमारतीतल्या एका कुटुंबाबरोबर लावली आहे. स्कूटरचा खर्च १,५०५ वरून ९६७ वर आला. गेल्या महिन्यात साताऱ्याला एसटीने गेलो. मोटारीला बाजाराचे ७५७ आणि एसटीची तिकिटे सातशे-साडेसातशे. बेरीज ३,८५० च्या आसपास राहिली, टोल वाचला तो निराळा.

दिरांशी न्यूट्रलबद्दल बोलले. त्यांना ते पटवून घ्यायला वेळ लागला. पण यजमानांनी उतारावर गिअरमध्येच राहण्याचे मान्य केले आहे. पुढच्या महिन्यात सासूबाई येणार आहेत, तेव्हा मोटार काढावीच लागेल आणि आकडा वर जाईल. सोसायटीच्या सभेत प्लगचा विषय घेण्यासाठी मी अर्ज दिला आहे. बिल_पाहणारा यांना एक विचारायचे आहे: स्वतंत्र मीटरसाठी वायर तिसऱ्या मजल्यावरून खाली आणायची झाल्यास तुम्हाला किती खर्च आला होता आणि तो तुमच्या सव्वातीन वर्षांच्या हिशेबात धरला आहे का?